बावीस डेसिबल

आमच्या घरात फोटो साठवायची एक पेटी आहे. नवरा तिला सर्व्हर म्हणतो. आत चार डिस्क, मागे दोन पंखे, आणि चालू असली की शेजारी कोणी अखंड पीठ दळतंय असं वाटतं. इंटरनेटची तार सासऱ्यांच्या खोलीत येते, म्हणून पेटीही तिथेच, त्यांच्या उशाशी.

दोन वर्षं त्यांनी सोसलं. मग एका दुपारी म्हणाले, "मी आपला लेकीकडे जातो. इथे डोळ्याला डोळा लागत नाही."

या घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं माणूस ते एकच.

"आठ दिवस द्या बाबा," नवरा म्हणाला, "आवाज मुळापासून काढतो."

पेटी दुसरीकडे हलव, असं मी सुचवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाबांनाच हलव म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी छोटे पंखे जाऊन ताटाएवढा संथ पंखा आला. दुसऱ्या दिवशी डिस्क थरथरू नयेत म्हणून माझ्या शिवणाच्या डब्यातल्या इलॅस्टिकवर टांगल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पेटी कपाटात कोंडली आणि कपाटाला आतून फोम लावला. फोम बाबांच्या गादीतला. आवाज घटला, पण डिस्क तापल्या. मग कपाटाला भोक, भोकाला पुठ्ठ्याचं नळकांडं, नळकांड्याचं तोंड खिडकीबाहेर. खिडकी आता लागेना. बाबा स्वेटर घालून, उरलेल्या गादीवर बसून बघत होते. रोग परवडला पण औषध नको, अशी त्यांची गत.

सातव्या दिवशी नवरा फोनवर आवाज मोजायला बसला. आकडा अठ्ठावीसच्या खाली जाईना. बराच वेळ कान लावून त्याने दोष शोधला, आणि तो सापडलाही.

"बाबा, जरा श्वास रोखून धरता का? तुमच्यामुळे आकडा वाढतोय."

बाबा उठले आणि बॅग भरू लागले. मी अडवलं, रडलेही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि टॅक्सीत बसले. नवरा तेव्हा कपाटात डोकं घालून होता.

दुसऱ्या दिवशी तो नाचतच बाहेर आला. "बावीस! बावीस डेसिबल!" लगेच त्याने बाबांना फोन लावला, स्पीकरवर. "बाबा, या परत. पेटी चालू आहे हे कळतसुद्धा नाही!"

"छान झालं. पण मी इथे मजेत आहे रे. नात ड्रम शिकतेय, दिवसभर बडवते. तरी झोप गाढ लागते."

"ड्रमच्या आवाजात?"

"वाजवायच्या आधी येऊन विचारते ना. आजोबा, वाजवू का? पडायचंय म्हटलं की थांबते."

नवऱ्याने हळूहळू मान डोलावली. मला वाटलं, पडला एकदाचा उजेड.

"किती डेसिबल भरतो तो ड्रम?" त्याने विचारलं.

मी फोन हिसकावून घेतला. "बाबा, माझंही चुकलंच. ती पेटी तुमच्या खोलीत ठेवताना मीसुद्धा तुम्हाला विचारलं नाही."

"तुझं कसलं चुकलं, सूनबाई?" बाबा म्हणाले. "तुला तरी त्याने कुठे विचारलं होतं?"