खेळाडू गेल्यास

दादानं खेळाचं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं पुढे काही होईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी नावाडी. पात्राला दार फोडता आलं की नाही, नदी ओलांडता आली की नाही, ते फाशांनी ठरवायचं. कल्पना झकास होती. दादाच्या कल्पना झकासच असायच्या. त्या निस्तरायला दुसरं कुणीतरी लागायचं, एवढंच.

ते दुसरं कुणीतरी म्हणजे धाकटी, त्याची बहीण. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ना, त्या बारीक अक्षरांच्या कागदांची मुद्रितं ती तपासायची. 'दिवसातून दोनदा'च्या जागी 'दोन दिवसांतून' तर पडलं नाही ना, हे भिंगातून बघण्यात तिचा दिवस जायचा.

पुस्तक खपलं आणि पाठोपाठ पत्रं यायला लागली. दादानं नियम घाईघाईत उरकले होते, ते लपत नव्हतं. एका पानावर जखमी पात्र निम्मं अंतर चालू शकायचं, पुढे साठ पानांनंतर त्याला जागचं हलताही येत नव्हतं. हत्यारांच्या तक्त्यात एक ओळ खाली सरकल्यामुळे लाटण्याचा मार भाल्यापेक्षा जबर झाला होता. 'शत्रूच्या पाठीमागे असल्यास दुप्पट' असं ठसठशीत छापलं होतं. काय दुप्पट, ते देवच जाणे.

"तू बघ ना गं जरा," पत्रांची पिशवी तिच्या टेबलावर टाकत दादा म्हणाला. "तुला असलं किचकट आवडतं."

आवडायचं तिला, हे खोटं नव्हतं. नऊ वर्षं तिनं ती पत्रं वाचली. आधी सगळी पानं ताडून बघायची, मग छापलेल्या शब्दांतून जेवढं निघतं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. आणि दोन अर्थ निघत असतील तर ज्यानं खेळ पुढे चालेल तो घ्यायचा. प्रत्येक उत्तराची नक्कल ती वहीत उतरवून ठेवायची. खाली सही 'लेखकाच्या वतीने'. स्वतःचं नाव घालावं असं कधी तिच्या मनातही आलं नाही.

पाचव्या वर्षी एका निवृत्त बस ड्रायव्हरचं पत्र आलं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या. 'आम्ही एकाच डेपोतले चौघे दर गुरुवारी दुपारी खेळतो. आमच्यातला एक, आम्ही त्याला बुवा म्हणायचो, गेल्या महिन्यात वारला. खेळात तो नावाडी होता. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, खेळाडू गेल्यास त्याचे पात्रही गेले असे समजावे. तर आम्ही नावाड्याला मारायचं का? आम्ही अजून नदीच्या मधोमध आहोत.'

धाकटीनं ते पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. दादाला काय म्हणायचं होतं ते उघड होतं: कुणी मध्येच उठून घरी गेलं, तर त्या दिवसापुरतं त्याचं पात्र बाजूला. पण त्यानं 'गेल्यास' असं लिहिलं होतं, आणि माणसं दोन्ही तऱ्हांनी जातात. शेवटी तिनं लिहिलं: 'गेल्यास म्हणजे टेबलावरून उठून गेल्यास. पात्र मेले असे पुस्तक कुठेही म्हणत नाही. नावाड्याची पाळी आली की तुमच्यापैकी एकाने त्याच्या वतीने फासे टाकावेत. नाव पुढे न्यावी.'

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ड्रायव्हर खुशाली कळवायचा. नावाड्यानं भोवरा चुकवला. नावाड्यानं आम्हाला शिव्या घातल्या, अगदी बुवासारख्या. धाकटी ती पत्रं वेगळ्या खणात ठेवायची.

नवव्या वर्षी दादा घरी आला आणि वही मागून घेऊन गेला. "नवी आवृत्ती काढतोय, सगळं स्वच्छ करून," म्हणाला. तिनं आनंदानं दिली. मुद्रितं मात्र तो तिला दाखवणार नव्हता. "तू चुका काढत बसशील. पुस्तक बाहेर काढायचंय मला, बाई."

प्रकाशनाला मोठा हॉल घेतला होता. वहिनीनं धाकटीला दाराशी, पुस्तकांच्या टेबलामागे बसवलं. पहिल्या गठ्ठ्याचा दोरा सोडल्या सोडल्या तिनं एक प्रत उघडली. तिच्या उत्तरांची वाक्यंच्या वाक्यं तिथं होती, स्वल्पविरामासकट. ऋणनिर्देशाच्या पानावर चित्रकार होता, छापखाना होता, दादाचा कुत्रा होता. ती नव्हती. बरं, नाही तर नाही, असं म्हणत तिनं पानं उलटली आणि त्या नियमापाशी थांबली. 'खेळाडू घरी गेल्यास अथवा मृत्यू पावल्यास त्याचे पात्र मेले. अपवाद नाही.'

कार्यक्रमात प्रश्नोत्तरं झाली. तिसऱ्या रांगेतून एक उंच, वाकलेला म्हातारा उठला. शेजारी दोघं तसेच. न भेटताही तिनं त्यांना ओळखलं.

"साहेब, हा नवा नियम आत्ता वाचला," ड्रायव्हर म्हणाला. "पण आम्हाला तर तुमच्याकडून वेगळं पत्र आलं होतं. मी आणलंय." त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला.

दादानं कागद लांबूनच पाहिला. "ऑफिसातल्या कुणीतरी पाठवलं असेल हो. त्याला काही अर्थ नाही. पुस्तकात छापलंय तोच नियम."

"म्हणजे बुवा गेल्यावर चार वर्षं आम्ही त्याच्या नावाड्याला खेळवलं, ते चूक?"

"चार वर्षं मेलेला माणूस होडी चालवत होता म्हणा की!" दादा म्हणाला, आणि हॉल खो-खो हसला.

धाकटी टेबलामागे उभी राहिली. 'ते पत्र माझं आहे' एवढे चारच शब्द होते. वहिनीनं हसत हसत तिच्या दंडाला हात लावला, "पाण्याच्या बाटल्या संपल्यात गं," आणि ती बाटल्या आणायला गेली. पुढे कितीतरी दिवस तिला दादाचा राग आला नाही एवढा त्या बाटल्यांचा आला.

परत आली तेव्हा तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत तिनं दादाला गाठलं. "तो नियम का बदललास? वहीत माझं उत्तर होतं."

"लांबलचक होतं. असले फाटे ठेवले की पुन्हा पत्रं येतात. एक घाव दोन तुकडे."

"आणि ऑफिसातलं कुणीतरी?"

"मग काय म्हणायला हवं होतं? माझ्या पुस्तकाचे अर्थ माझी बहीण लावते म्हणून?" तो गळ्यातला हार काढत होता, दोरा बटणात अडकला होता. "खेळ आहे गं तो. कुणी मेलंय का?"

"हो," ती म्हणाली. त्याला कळलं नाही.

तिनं ड्रायव्हरला पत्र लिहिलं, पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं. जुन्या पुस्तकाप्रमाणे खेळायला तुम्हाला कुणाची आडकाठी नाही, तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं. उत्तर महिन्यानं आलं. 'ताई, तुमचं पत्र पोचलं. पण आमच्यातला एक म्हणाला, लेखकच म्हणतो तर मेला. त्या गुरुवारी आम्ही नावाड्याला नदीत सोडलं. फासे टाकायची गरज पडली नाही. तेव्हापासून तो गडी येत नाही, हॉलमधलं ते हसणं त्याला लागलंय. आम्ही दोघे येतो, पण दोघांत खेळ रंगत नाही. नुसते बसतो.' नंतर पत्र आलं नाही.

नव्या आवृत्तीतही चुका होत्याच, थोड्याथोडक्या नव्हे. दोन महिन्यांत दादानं पिशवी पाठवली. वर चिठ्ठी, 'एवढं बघून टाक.' तिनं पिशवी न उघडता परत पाठवली. आईचा फोन आला. "सख्खा भाऊ आहे तुझा. चार ओळी खरडायला तुझं काय जातं?"

"काही जात नाही असंच वाटतं तुम्हाला, आई," ती म्हणाली. "म्हणूनच नको."

दादानं ती पिशवी उघडली नाही, त्यानंतरच्याही नाहीत. उत्तरं येईनात तशी लोकांनी विचारणं सोडलं. कुणी भांडून डाव मोडले असतील, कुणी आपापले नियम केले असतील. तिला कळायला मार्ग नव्हता. वर्षाच्या शेवटी दादाची मुलाखत छापून आली. आईनं फोनवर ती मोठ्या कौतुकानं, एकेक शब्द सुटा करत वाचून दाखवली. नवी आवृत्ती इतकी सुस्पष्ट झाली आहे, दादा म्हणाला होता, की आता शंका विचारणारं एकही पत्र येत नाही.

"बघ, लागलं की नाही सगळं मार्गी," आई म्हणाली. "उगाच डोक्यात राख घालून बसली होतीस."