आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन

दुबईच्या पुढे, रास अल खैमातल्या त्या क्लिनिकमध्ये आईचा फॉर्म भरायचं काम उर्वीचं. दहावीतली उर्वी इंग्रजी फाडफाड बोलायची, आणि डिबेटमध्ये पहिली आल्यापासून तर तिला कोणासमोरही उभं करा, मागे हटायची नाही. पण ‘आधीचे मोठे आजार’ या रकान्यापाशी तिचं पेन अडलं.

“काही नाही, असं लिही,” तिची आई गिरिजा हळूच म्हणाली.

“बट आई...”

“लतिका उभी आहे तिथे. यल्ला, चल, लिही.”

लतिकामावशी क्लिनिकची नर्स, आणि मराठी मंडळाची सेक्रेटरी. तिला कळलं की शुक्रवारपर्यंत पार शेजारच्या उम्म अल कुवैनला पोचलंच म्हणून समजा. गिरिजाचं डब्यांचं किचन होतं. सिमेंट फॅक्टरीतली सव्वाशे माणसं तिच्या हातचं जेवायची. कॅन्सर झालेल्या बाईच्या हातचं कोण खाईल, या धास्तीने दोन हजार साली ती मुंबईला आठ महिने राहून उपचार घेऊन आली, आणि इथे सगळ्यांना सांगितलं, आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. केस यायचे होते तोवर डोक्याला स्कार्फ बांधला. या देशात स्कार्फचं कोणाला काय वाटणार?

दोन वर्षांनी आता तिला धाप लागत होती. उर्वीने ‘काही नाही’ लिहिलं. डॉक्टर हमीदबाईंनी छाती तपासली, “धूल और एसी, दमा लगता है,” म्हणाल्या आणि इनहेलर दिला.

पंधरा दिवसांत गिरिजाचे पाय सुजले. झोपायला तीन उशा लागायला लागल्या. कणीक मळता मळता ती मधेच स्टूलवर टेकायची. दोघी पुन्हा क्लिनिकमध्ये आल्या.

“पहले कभी कोई बड़ी बीमारी?” हमीदांनी विचारलं.

“नहीं,” गिरिजा म्हणाली. लतिका तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होती.

उर्वीने आईच्या पायांकडे पाहिलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

“शी हॅड ब्रेस्ट कॅन्सर, डॉक्टर,” उर्वी म्हणाली आणि पुढचंही इंग्रजीतच सांगितलं. “फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. डाव्या छातीचा कॅन्सर. ऑपरेशन, सहा वेळा केमो, मग रेडिएशन.”

“केमो कौन सा?”

“नाव नाही माहीत. लाल होतं. नंतर शूसुद्धा लाल व्हायची.”

हमीदांनी नव्या इनहेलरची लिहायला घेतलेली चिठ्ठी फाडली आणि छाती पुन्हा, बराच वेळ तपासली. मग म्हणाल्या, त्या लाल औषधाने हृदयाचा स्नायू कधी कधी कमजोर होतो, दोन-दोन वर्षांनीसुद्धा. त्यात डाव्या छातीवर रेडिएशन, म्हणजे हृदयावर दोन्हीकडून मार. दुबईला जाऊन हृदयाचा इको करून घ्या, आजच.

लतिका पट्टा सोडवत म्हणाली, “आणि दर वेळी मी आपली विचारतेय, आईंचा गुडघा कसा आहे.”

“बरा आहे,” गिरिजा म्हणाली.

इकोत कळलं, कॅन्सर परत आला नव्हता, पण हृदयाचं पंपिंग साठ टक्क्यांच्या जागी पस्तीसच होतं. गोळ्या सुरू झाल्या. जड उचलायचं नाही, मीठ जवळजवळ बंद. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. थोडं भरून निघेल, पूर्ण निघेल असं सांगत नाही.

आठवड्याभरात अकरा डबे बंद झाले. उरलेले चालूच राहिले.

“माझ्यामुळे गेले,” उर्वी किचनच्या दारात म्हणाली.

“हो, तुझ्यामुळेच.” गिरिजा स्टूलवर बसून आमटी ढवळत होती. सूज उतरली होती. तिने पळीभर आमटी वाटीत काढून पुढे केली. “मला चाखायची नाही. मीठ बघ.”

“कमी आहे.”

“किती?”

“चिमूटभर?”

“शंभर माणसांची आमटी आहे, बाई. मुठीत सांग.”