दुधाळ पाणी

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा बाबा समुद्र कालवत होते. हा त्यांचाच शब्द. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी बादलीभर गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ टाकायचं आणि नकाशे काढायच्या नोकरीतली जुनी लाकडी पट्टी घालून ढवळत बसायचं.

"इकडे ये जरा. शिकून घे."

"तुमचं डबकं तुम्हालाच लखलाभ."

"डबकं? आत प्रवाळ आहेत, बाईसाहेब. आणि हे आमचं सफाई खातं." काचेवरचं शेवाळ खात सरकणाऱ्या गोगलगायींकडे त्यांनी पट्टी रोखली. "पगार नाही, रजा नाही, कुरकुर नाही. तुझ्या ऑफिसात आहे असं कुणी?"

"मीच आहे."

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग आम्ही जेवलो. त्यांनी टीव्हीचा आवाज नेहमीइतकाच मोठा ठेवला आणि मी नेहमीइतकीच वैतागले.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना ते कोसळले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सगळ्यांना कळवायचं काम दादाने केलं. मी फॉर्म भरले, सह्या केल्या, कपड्यांच्या घड्या घातल्या. कुणी काही विचारलंच तर नुसती मान हलवली. आपल्या गावी परतताना दादा म्हणाला, "टाकी देऊन टाक कुणाला तरी. तुला नाही झेपायचं."

"बघते," मी म्हटलं.

तेव्हापासून जिवाला घोर लागला. मीटिंगमध्ये समोरचा बोलत असायचा आणि माझ्या मनात एकच, पंप बंद पडला असेल का? घरी आल्यावर दाराला कान लावायचे, घरघर ऐकू आली की मगच कुलूप काढायचे. एकदा पिवळा मासा खडकामागे दडला, तर टॉर्च घेऊन अर्धा तास जमिनीवर पालथी पडले होते. बाबांच्या सगळ्या वस्तूंमध्ये टाकी एवढीच जिवंत होती. ती माझ्या हातून मरायला नको होती.

तिसऱ्या रविवारी सकाळी व्हिडिओ बघत बघत, धीर करून, पहिल्यांदा टाकीतलं थोडं पाणी बदललं. दुपारी चहा घेऊन आले तर सगळी टाकी दुधाळ झालेली. मासे दिसेनात. गोगलगायी काचेवर पार वरपर्यंत चढलेल्या, जणू पाण्याबाहेर पळायला बघत होत्या. एक तर अर्धी काचेपासून सुटून डोलत होती आणि तिच्यातून पांढरा धूर निघत होता.

मीठ चुकलं. मी विष कालवलं.

कप तसाच ठेवून नळी लावली आणि पाणी उपसायला लागले. एक बादली मोरीत ओतली, दुसरी भरली. पाणी काही स्वच्छ होईना. शेवटी बाबांच्या फोनवरून दुकानदाराला फोन लावला. टाकीचं सगळं सामान त्याच्याकडूनच यायचं. बाबा त्याला 'न खायच्या माशांचा मासेवाला' म्हणायचे.

"बोला काका! आहात कुठे? एवढ्या दिवसांत फोन नाही."

"मी त्यांची मुलगी. टाकीतलं सगळं मरतंय." मी एका दमात सगळं सांगितलं.

"थांबा, थांबा. धूर येतोय? गोगलगायी वर चढल्यात?"

"हो."

"आज पाणी बदललंत?"

"सकाळी."

तो चक्क हसला. "अहो ताई, मरतंय कसलं! पिल्लांची तयारी चाललीय त्यांची. नर बीज सोडतात, माद्या अंडी सोडतात, सगळं पाण्यातच. ताजं पाणी मिळालं की त्यांना सुचतं हे. मासे ठीक आहेत ना?"

मी काचेला नाक लावलं. धुक्यातून पिवळा मासा शांतपणे गेला.

"आता पहिलं काम, गाळणीचा पंप बंद करा. नाहीतर सगळी अंडी त्यात अडकतील. पाणी उपसलं नाहीत ना?"

"दोन बादल्या. एक मोरीत गेली."

"अरेरे. असू दे. दुसरी हळूच परत ओता."

मी पंप बंद केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खोली गप्प झाली. भांड्याने थोडं थोडं पाणी परत सोडलं.

"झालं?"

"झालं."

"वा! वर्षभर वाट बघत होते काका. दर वेळी विचारायचे, कधी रे, कधी? द्या त्यांना फोन. माझ्याकडून ऐकू दे त्यांना."

मी ओला हात कुर्त्याला पुसला.

"ताई? झोपलेत का?"

"नाही," मी म्हटलं. "बाबा गेले. माझे बाबा गेले."