कमरेत सैल

बायकोचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "बाईंचं जेवण कसं आहे?"

तीच म्हणाली, "चांगलं आहे की! हल्ली यांच्या ताटातलंही उरू देत नाही."

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा ठेवला. तेव्हाच मला कळलं, ही आता हातची जाणार. स्वादुपिंडात गाठ होती.

त्याआधी कितीतरी महिने ते तिला एवढंच सांगत, वजन उतरवा, चाला. काय खाता, किती चालता, हे विचारायला सवड नसे, बाहेर रांग. काटा खाली आला की म्हणत, "शाब्बास! बाकीच्यांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवतो." ती खुशीत घरी येई. मी शिंपी. तिचे कपडे कमरेतून आत घेत म्हणायचो, "बाईसाहेब, आता तुम्हाला पोरींच्या मापाचं शिवावं लागणार."

ती गेल्यावर मुलगी रोज सकाळी चालायला लागली. परवा पँट घेऊन आली.

"बाबा, कमरेत घ्या ना. सैल होते."

टेप माझ्या हातातच राहिली. "जेवतेस ना नीट?"

"तुमच्या दुप्पट! नजर लावू नका."

मी तिला तसंच डॉक्टरांकडे नेलं. या वेळी त्यांनी वजनकाटा दाखवला नाही. दार लावून घेतलं, तिला खुर्चीत बसवलं. सकाळी काय खातेस, दुपारी काय, मधे भूक लागते का, चालणं किती. ती हसत सांगत होती. मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून थांबली.

"एवढ्याशा चालण्याने इतकं उतरत नाही," ते हळूच म्हणाले. "आणि खाणं तर वाढलंय. उद्या सकाळी तपासणीला रक्त द्या. उपाशीपोटी."

काल सकाळी तिने उठल्या उठल्या चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. आजही तेच. मी बघतोय हे तिला दिसत होतं.

"शिंप्याची पोर आणि सुईला घाबरते?" मी म्हटलं.

"सुईला नाही, बाबा."

ती कप विसळायला आत गेली.

पँट मशीनवर पडून आहे. तिच्या शिवणीला हात लावायचा मला धीर होत नाही. रक्त अजून दिलेलं नाही.