पंच्याण्णव टक्के सारखं

मी वकील आहे, पण ही गोष्ट घडेपर्यंत माझा आवाज कुठल्याही न्यायाधीशाच्या कानावर पडला नव्हता. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे मेल वाचते. कंपनीचं आणि कुणाचं कोर्टात जुंपलं, की कॉम्प्युटरमधलं कामाचं सगळं काढून समोरच्या वकिलाला द्यावं लागतं. देण्याआधी कुणीतरी ते वाचायला हवं. ती कुणीतरी म्हणजे मी. लोक ऑफिसात बसून काय काय लिहितात म्हणून सांगू! साहेबाला शिव्या आणि साहेबाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, दोन्ही एकाच माणसाकडून, दहा मिनिटांच्या अंतरानं.

पूर्वी आम्ही एकूण एक कागद वाचायचो. आता बटण आहे. मजकूर पंच्याण्णव टक्के सारखा असला, की त्या सगळ्यांचा गठ्ठा होतो आणि वरचा एकच दिसतो. आमच्या ऑफिसात हे बटण पहिल्यांदा मी शोधून काढलं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. बावीस वर्षांतलं हे दुसरं कौतुक. पहिलं केलं तेव्हा ते मला दुसरीच कुणीतरी समजले होते.

तर त्याच वर्षी आमच्याकडे एका कोल्ड स्टोरेजचं प्रकरण आलं. तिथल्या दोन नंबरच्या खोलीत एक हमाल अडकला. दार आतून उघडेना. पन्नास मिनिटांनी त्याला बाहेर काढलं, आणि पुढे दवाखान्यात त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. कंपनीनं चौकशी केली आणि त्या खोल्यांची देखरेख करणाऱ्या माणसाला काढून टाकलं. का, तर दार बिघडल्याचं या गृहस्थांनी एकदाच कळवलं, तेही चार वर्षांपूर्वी, आणि मग गप्प बसले. त्यांचं म्हणणं, मी दर सोमवारी कळवत होतो. म्हणून ते कोर्टात गेले. नोकरी परत हवी होतीच, पण अर्जात पहिली मागणी वेगळी होती. 'माझ्या हलगर्जीपणामुळे त्या माणसाचा पाय अधू झाला, हे वाक्य माझ्या कागदांतून काढावं.' त्यांच्याजवळ पुरावा काही नव्हता. काढलं त्याच दिवशी त्यांचं मेलचं खातं बंद केलं होतं. जे काय होतं ते कंपनीकडे, आणि कंपनीचे वकील आम्ही, म्हणजे आता माझ्याकडे.

मी बटण दाबलं. त्यांच्या नावावर एक मेल निघाला, चार वर्षांपूर्वीचा. 'साहेब, खोली नंबर दोनचं दार आतून उघडायला आज दोन धक्के लागले. दाराचं रबर बदलावं ही विनंती. कळावे.' झालं. मी यादीत एक लिहिला आणि जेवायला गेले. मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे पंधरा दिवसांचं काम तीन दिवसांत झालं." मी पण मेली खूश.

संध्याकाळी यादी तपासताना त्या मेलच्या कोपऱ्यात बारीक आकडा दिसला. दोनशे तेरा. मला वाटलं, कॉम्प्युटरनं काहीतरी घोळ घातला. सहज गठ्ठा उघडला. दोनशे तेरा मेल, सगळे सोमवारचे, सगळे कंपनीतल्या त्याच साहेबांना, सगळ्यांत तीच तीन वाक्यं. पहिला सोडला तर एकही कुणी उघडलेला नव्हता. शब्द न् शब्द तोच, फक्त आकडा वेगळा. दोन धक्के. पुढे तीन. सहा महिन्यांनी पाच. मध्ये एकदा आकडा परत दोनवर आला, तेव्हा बहुतेक त्यांनी स्वतःच काहीतरी खटपट केली असावी. मग सात, नऊ, बारा. अपघाताच्या आदल्या सोमवारी एकोणीस. मी मान खाली घालून एकेक वाचत गेले, आणि खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. पंच्याण्णव टक्के सारखं होतं हे बरोबर. उरलेल्या पाच टक्क्यांत त्या हमालाचा पाय होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. नावगाव न सांगता, तेवढं कळतं मला. तर हे म्हणतात, "तेच तेच लिहिलं तर कोण वाचणार? जरा वेगळ्या शब्दांत सांगायचं ना." आमच्या सासूबाई म्हणायच्या, याला दहादा सांगावं तेव्हा हा एकदा ऐकल्यासारखं करतो. पाण्याची मोटर बंद करा, हे मी या माणसाला लग्नापासून सांगतेय आणि अजून टाकी वाहतेय. दार तेच, बिघाड तोच, वाचणाराही तोच. माणसानं नवे शब्द आणायचे कुठून?

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "साहेब, हे एक नाही, दोनशे तेरा आहेत. आणि ते सारखे नाहीत." भडकतील असं वाटलं होतं. कसले भडकतायत! त्यांनी सगळं शांतपणे वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग देऊन टाका की. आपण काही लपवत नाही. सगळेच्या सगळे द्या."

"सगळे दोनशे तेरा?"

"छे हो. सगळे म्हणजे सगळे. कंपनीचे एक्क्याऐंशी हजार. उगाच आपण निवडायला बसलो तर लोक म्हणतील, मनाला येईल ते निवडलं."

मी कागद गोळा करायला लागले. तेव्हा ते अगदी मायेनं म्हणाले, "बाई, समोरच्या वकिलांच्या ऑफिसातही ते बटण आहे."

अशी आमच्या वकिली घराण्याची नीतिमत्ता. एक्क्याऐंशी हजार कागद आम्ही वेळेवर, पोचपावतीसह दिले. समोरच्या वकिलांनी आभाराचं पत्रही पाठवलं. आणि त्यांच्या ऑफिसातल्या माझ्यासारख्याच कुणीतरी बटण दाबलं. तिचंही कौतुक झालं असेल, बिचारीचं.

सुनावणीला साहेबांच्या फायली सांभाळायला मी गेले होते. देखरेखवाले उभे राहिले. पंचावन्न-छप्पनचे असतील, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. समोरच्या वकिलांनी तो एकुलता एक मेल कोर्टापुढे ठेवला. मग आमचे साहेब उठले. ते कोर्टात कधी खोटं बोलत नाहीत. खोटं बोलावं लागू नये, असे प्रश्न विचारतात.

"तुमच्या वकिलांनी तुमचे किती मेल कोर्टापुढे ठेवले?"

"एक. पण मी दर सोमवारी..."

"किती ठेवले, एवढंच विचारलं."

"एक."

"कंपनीनं सगळे कागद दिले, असं तुमचेच वकील लिहून देतात. बरोबर?"

देखरेखवाल्यांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकील फायलीत बघत होते. "असेल," ते म्हणाले. "मला वाटतं, मी लिहीत होतो." सकाळी आले तेव्हा हे गृहस्थ 'लिहीत होतो' म्हणत होते. आता 'मला वाटतं' म्हणायला लागले होते, आणि साहेबांना तेवढंच हवं होतं.

मधली सुट्टी झाली. साहेब चहाला गेले. बाहेरच्या बाकावर मी फायली घेऊन बसले होते, तर देखरेखवाले शेजारीच येऊन बसले. कोर्टात मी पार मागे बसले होते, त्यामुळे मी कुणाकडून आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोरच्या पक्षकाराशी चकार शब्द बोलायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

ते आपणहून बोलू लागले. "माझी मुलगी म्हणते, बाबा, तुमच्या मनात असेल लिहायचं, लिहिलं नसेल. होतं असं वय झालं की. चार वर्षं दर सोमवारी आधी दार ढकलून बघायचो, मग लिहायचो, मग डबा ठेवायचो. आणि आता एकच निघाला. त्या हमालाला भेटायला जायचो मी दवाखान्यात. त्याला म्हटलं होतं, माझी चूक नाही रे. आता वाटतं, त्याला खोटंच सांगितलं की काय."

नोकरी दिसत होती, घराचे हप्ते दिसत होते, बावीस वर्षं दिसत होती. सगळं दिसत असतानाच मी बोलले.

"दोनशे तेरा."

"काय?"

"दोनशे तेरा मेल आहेत तुमचे. दोन धक्क्यांपासून एकोणीसपर्यंत. तुमच्या वकिलांकडेच आहेत, एकाखाली एक दबलेत. त्यांना गठ्ठा उघडायला सांगा."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "म्हणजे वाचले कुणीतरी?"

"मी वाचले. सगळे."

"मग?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मग काही नाही," मी म्हटलं. "मी कंपनीच्या वकिलांकडे काम करते. तुमचे मेल एक म्हणून मीच लिहिले होते. नंतर बघितलं, साहेबांना सांगितलं, आणि त्यांनी जे केलं ते गुपचूप बघत बसले."

मला वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाणार. खाल्लं असतं तरी चाललं असतं. ते उठले, शर्ट नीट केला.

"बाई, माझं आता कोण ऐकणार? आत्ताच म्हणून आलोय ना, मला वाटतं म्हणून. मी दोनशे तेरा वेळा सांगितलं. तुम्ही एकदाच सांगा, पण आत येऊन सांगा."

कॉरिडॉरच्या टोकाला मोठे साहेब चहाचा कप घेऊन उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते. मी त्यांच्या फायली बाकावर ठेवल्या आणि देखरेखवाल्यांबरोबर आत गेले.