चोरकप्प्यातली तारीख

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे, आणि मला चाकं नाहीत हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मला उचलताना कुणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म एका कोंदट कारखान्यात झाला. जाड पुठ्ठा, त्यावर तपकिरी रेक्झिन, पितळी कुलपं आणि आत निळं अस्तर. अस्तर शिवणाऱ्या बाईने झाकणाच्या आतल्या बाजूला एक चोरकप्पा केला होता, इतका बेमालूम की दुकानदारालाही तो सापडला नाही. सापडला फक्त आईला. आई म्हणजे ज्या घरात मी लग्नाच्या सामानातून आले, त्या घरची आई. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, त्यामुळे शिवणीवरून बोट फिरवलं की तिला सगळं कळायचं. बाबा बसच्या आगारात गाड्या दुरुस्त करायचे. सुरुवातीला पाहुणे मला हात लावून बघायचे. पुढे मला कपाटावर टाकलं आणि वर जुन्या रजया रचल्या. दहा वर्षं मी तिथे धूळ खात पडले होते. संताप यायचा, पण सांगणार कुणाला?

मग एकदा जेवताना आईने विषय काढला. "आपण चौघं चार दिवस मोठ्या शहरात जाऊन येऊ या."

बाबांचा घास हातातच राहिला. "अगं, परवडणार आहे का?"

"परवडेल असं करू. ताई अठराची झाली, धाकटा सोळाचा. पुढच्या वर्षी कोण कुठे असेल कुणास ठाऊक. आणि हे बघा, सगळं ह्या दोघांनी ठरवायचं. मी मध्ये तोंड घालणार नाही. फक्त महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ."

पहिलाच आठवडा का, ते मला ठाऊक होतं. त्याच दुपारी आईने मला खाली काढून पुसलं होतं आणि चोरकप्प्यात एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्या मानेला गाठ आली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं होतं. तिथल्या तपासणीची तारीख मिळायलाच दोन महिने गेले. तारीख होती पाच. ताईचा निकाल तोंडावर आलेला, बाबांचा रक्तदाब वाढलेला, म्हणून तिने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. सहलीतून दोन तास हळूच निसटायचं, असा तिचा बेत होता.

एरवी ही पोरं आईवडिलांबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही लाजायची. पण ठरवण्याचं काम हाती आल्यावर दोघं इरेला पेटली. एका खोलीत चार खाटा असलेला लॉज, संग्रहालय कुठल्या दिवशी फुकट, कुठून कुठे पायी जाता येतं, सगळं त्यांनी शोधून काढलं. वही माझ्याच पाठीवर टेकवून ती लिहायची. खरं सांगते, मला फार बरं वाटायचं.

एक दिवस ताई उड्या मारतच आली. "आई, एक आठवडा पुढे ढकललं ना, तर तिकिटं निम्म्यात! लॉजसुद्धा स्वस्त! बारा तारखेला निघायचं. चालेल ना गं?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. बोल ना बाई, एवढंच मला म्हणायचं होतं.

"तुम्हाला बरं पडतं ना?" आई म्हणाली. "मग मला काय, कुठलाही दिवस चालेल."

पाच तारखेला ती दिवसभर लाँड्रीत इस्त्री करत होती. अकरा तारखेला माझ्यात कपडे भरताना स्वतःशीच पुटपुटली, "आठ दिवसांनी असा काय फरक पडणार आहे?"

शहरात त्यांनी मजा केली, हे खोटं नाही. धाकट्याच्या टाचेला फोड आले, बाबा दोनदा रस्ता चुकले, आणि त्यावर खोलीत येऊन चौघं पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "माझे पाय दुखतात, तुम्ही संग्रहालय बघून या." ते गेल्यावर चोरकप्प्यातली चिठ्ठी घेऊन ती निघाली आणि तासाभरात परतली. चिठ्ठीवरची जुनी तारीख खोडली होती. नेमलेला दिवस चुकवला, म्हणून रांगेत शेवटचा नंबर. नवी तारीख चार महिन्यांनंतरची होती. आईने चिठ्ठी जागच्या जागी ठेवली आणि तोंड धुतलं. मंडळी आल्यावर विचारलं, "काय काय पाहिलंत?"

तीन महिन्यांनी ताई वसतिगृहात जायला निघाली. सामान भरताना तिचं बोट चोरकप्प्यात गेलं. चिठ्ठी वाचून ती तशीच आईकडे धावली.

"आई, तू पाच तारखेला का नाही गेलीस? मला सांगितलं का नाहीस?"

"अगं, तू किती खूश होतीस."

बाबांनी रुग्णालयात हातापाया पडून त्याच आठवड्यात तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. किती उशीर, आठ दिवसांचा की तीन महिन्यांचा, ते कुणी सांगितलं नाही. ताईने विचारलंही नाही. पुढचे सात महिने मी घर ते रुग्णालय अशा खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला माझ्यात फक्त आईचे कपडे परत आले.

मित्रांनो, मला पुसत जा, माझ्या कुलपांना तेल घाला, असं मी सांगायला हवं होतं. पण ते राहू द्या. घरातलं माणूस "मला काय, कुठलाही दिवस चालेल" म्हणालं, तर लगेच तिकिटं काढू नका. त्याच्यासमोर बसा. विचारा, पुन्हा विचारा. चिडलं तरी विचारा.

परवा बाबांच्या डोळ्यांबद्दल बोलणं चाललं होतं. त्यांना हल्ली बोल्टचे आटे दिसत नाहीत. "डॉक्टरांकडे जायचंय," ते म्हणाले, "तुझ्या सोयीने ठरव गं, घाई नाही."

ताई एकदम ओरडली, "माझी सोय नका सांगू, बाबा! त्यांनी कुठली तारीख दिलीय, तेवढी सांगा!"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तारीख उद्याची होती.