हिरव्या ठिपक्यांचा भुसा

"बाबा, मागून आवाज येतोय," जावईबापू शेडच्या दारातूनच म्हणाले. गाडी बंद केली होती, हेल्मेट मात्र अजून डोक्यावरच होतं.

"कसला आवाज?"

"कधी घूंऽऽ करते, कधी घर्रर्र. मधूनच डब्यात खडे हलवल्यासारखा."

"म्हणजे तुमच्या सासूबाईंसारखाच. तेलपाणी केलं की थांबतो का?"

"तेल बदलल्यावरच सुरू झाला," ते म्हणाले, आणि माझा विनोद जागच्या जागी मेला.

मागच्या सीटवरून माझी लेक उतरली. तिने डोळ्यांनीच मला दटावलं, की बाबा, आज नको.

गाडी लांब पल्ल्याची, भारी वजनाची, बारा वर्षं जुनी. पुढे उंच काच, मागे सामानाच्या तीन पेट्या, धुरकट काळा रंग. तिला चेन नव्हती. इंजिनाची ताकद पोलादी दांड्यातून मागे जायची आणि मागच्या चाकाच्या कुशीत एका बंद पेटीत दोन दातेरी चाकं ती ताकद वळवून चाकाला द्यायची. आम्ही त्या जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतो. जोडी बिघडली की नवराबायकोसारखंच, बाहेरच्याला आधी आवाज ऐकू येतो, कारण फार उशिरा कळतं.

ही गाडी जावईबापूंनी दोन महिन्यांपूर्वी घेतली होती ती हौस म्हणून नव्हे. मोटरसायकलींचे तांडे डोंगरापलीकडे नेणाऱ्या एका कंपनीत त्यांची निवड झाली होती. सगळ्यांच्या मागून चालवायचं, कुणी पडलं, कुणी रडलं, कुणाची गाडी रुसली तर सांभाळायचं. अट एकच, गाडी स्वतःची आणि धडधाकट हवी. सोमवारी सकाळी सात वाजता गाडीसकट हजर व्हायचं होतं. त्या भरवशावर त्यांनी शीतगृहातली अकरा वर्षांची नोकरी सोडली होती. अकरा वर्षं गोठलेली खोकी मोजून त्यांच्या बोटांची नखं जांभळी पडली होती. आज गुरुवार होता.

"मीच घाण केली," ते म्हणाले. "चांगली चालली होती. मी शहाणपणा करून मागच्या पेटीतलं तेल बदललं. चार दिवस झाले, तेव्हापासून हे असं. चुकीचं तेल पडलं असणार."

"हात दाखवून अवलक्षण," लेक म्हणाली, पण हळू, त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

मी त्यांच्यामागे बसलो आणि आम्ही सरळ रस्त्याला लागलो. आवाज शोधायचा तर न्यायाधीशासारखं वागायचं असतं, एकेका संशयिताला सोडत जायचं. वेग पकडल्यावर मी ओरडलो, "क्लच दाबा!" घर्रर्र तसंच. इंजिन सुटलं. "न्यूट्रल!" तरी तसंच. गिअरबॉक्स सुटला. "जरा डावीकडे झुकवा, आता उजवीकडे!" फरक नाही. चाकाचं बेअरिंग असतं तर एका अंगाला तरी सूर बदलला असता. मग म्हटलं, पुन्हा गिअरमध्ये घाला, रेस द्या, सोडा, द्या. दिली की घूं, सोडली की घर्रर्र. कोठडीत एकच आरोपी उरला, क्राऊन-पिनियन.

परत येऊन गाडी मधल्या स्टँडवर चढवली. लांब पेचकसाचं टोक त्या पेटीला लावलं, मूठ कानाला, आणि लेकीला म्हटलं, चाक फिरव हाताने. मूठ दाताला लागल्यासारखी झणझणली.

"माझे उस्ताद," मी म्हणालो, "पेचकसाशिवाय ऐकायचे. एकदा सात मैलांवरून जाणाऱ्या बोटीचं..."

"बाबा."

"बरं."

खाली पांढरी इनॅमलची थाळी ठेवली आणि बूच काढलं. तेल आलं ते रुपेरी, पोलादाच्या चुऱ्याने चमचमणारं. म्हणजे दात खाल्ले गेले होते. चुऱ्यामागोमाग एक भिजलेला गोळा बद्दकन पडला. मी तो बोटावर घेऊन चोळला. लाकडाचा भुसा, त्यात बारीक हिरवे ठिपके.

तुम्हाला हा प्रकार ठाऊक नसेल. जुनी गाडी विकताना दात घासलेले असतील तर तेलात चाळलेला भुसा घालतात. दात गादीवर लोळतात, गाडी मांजरासारखी गप्प होते आणि गिऱ्हाईक खुशीत जातं. भुसा निघाला की रोग बोलू लागतो. जावईबापूंनी काळ्या डब्यात, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, तेलाबरोबर निम्मा भुसा नकळत काढून टाकला होता. चुकीचं तेल-बिल काही पडलं नव्हतं. त्यांनी गाडीच्या तोंडातला बोळा तेवढा काढला होता.

आणि तो बोळा मी घातला होता.

माझ्या शेडशेजारी तेव्हा लहान मुलांचे रंगीत ठोकळे करणारा सुतार होता. त्याच्या करवतीखालचा भुसा मी चहाच्या गाळणीने चाळायचो. मिशीवाला म्हणून एक जुन्या गाड्यांचा दलाल होता, त्याच्यासाठी. शाफ्टवर, म्हणजे चेनऐवजी दांड्यावर, चालणारी गाडी मी आयुष्यात एकदाच भरली. ती तांबडी होती, तिला पेट्या नव्हत्या. रंग काय, माणसंही बदलतात. तीन वर्षांत दोन हात फिरून ती माझ्याच लेकीला मागे बसवून माझ्या दारात आली होती.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मीही बसणार होतो. पण जावईबापू थाळीकडे बघत पुटपुटत होते, "मीच मारली तिला, मीच मारली," आणि ते ऐकवेना.

"जावईबापू, हा भुसा मी घातलाय," मी म्हणालो. "मिशीवाल्याच्या सांगण्यावरून. ही गाडी तेव्हाच गेलेली होती. तुम्ही काही केलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले. चांगले खळखळून हसले.

"बाबा, यात झाड कधी उगवतं?"

दोष माझाच. हीच गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगत आलो होतो. आधी मोटरसायकल होती, मग तिची जीप झाली, मग ट्रक. भुसा मूठभर होता तो चाळीस किलो झाला. घेणारा कधी फौजदार, कधी खुद्द न्यायाधीश. लेकीच्या साखरपुड्याला सांगितली तेव्हा तर गिअरबॉक्समधून रोप उगवलं होतं आणि त्याला दोन फळंही लागली होती. पाहुणे पोट धरून हसले होते, जावईबापूही त्यांतच होते.

"नाही उगवत," मी म्हणालो. "खरंच सांगतोय."

"तुमचं मन मोठं आहे," ते डोळे पुसत म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले.

लेक हसली नव्हती. ती थाळीपाशी उकिडवी बसली आणि एक हिरवा ठिपका नखावर घेऊन उजेडात धरला. त्या ठोकळ्यांशी तिची भाचरं खेळली होती.

"तुम्ही थाप मारता तेव्हा आकडे असतात," ती म्हणाली. "सात मैल, चाळीस किलो. आत्ता एकही नव्हता."

मी बूच फडक्याने पुसत राहिलो.

"ही अशीच चालवली असती तर?"

"पिनियन सैल झालंय. वेगात दात अडकले की मागचं चाक जागीच थांबतं."

"मी मागे बसते, बाबा."

"हो."

"तुम्ही ज्याला विकली त्याच्याही मागे कुणीतरी बसत असेल."

"विकली मिशीवाल्याने," मी म्हणालो, आणि म्हणताना माझंच मला ऐकू आलं.

तिने ठिपका थाळीच्या काठाला पुसला. "ते रात्रभर कूस बदलत असतात. मी केलं, मी केलं म्हणतात. आता त्यांना पटेपर्यंत सांगा. तुमचं तोंड दुखलं तरी सांगा."

बाहेर जावईबापू फोनवर होते. ही जोडी आता कुणी बनवत नव्हतं. भंगारवाल्यांपैकी एक म्हणाला महिनाभराने बघू, दुसरा नुसताच हसला. मग त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी सभ्यपणे बोलला, ते मला दारातूनही कळलं, कारण जावईबापू सारखं "समजू शकतो, समजू शकतो" म्हणत होते. सोमवारी दुसरा स्वार तयार होता.

ते आत आल्यावर मी थाळी त्यांच्यापुढे धरली. ठिपके दाखवले, सुताराचं सांगितलं, गाळणीचं सांगितलं, तांबड्या रंगाचं सांगितलं. सीटखालचा एक ओरखडा नखाने उकरला, तर खालून तांबडा निघालाही.

"तांबड्या काय शंभर गाड्या असतात," ते म्हणाले. "आणि हे ठिपके माझ्या नरसाळ्याचे. ते रंगाच्या डब्यांत पडलेलं होतं, मी पुसलंसुद्धा नाही. बघा, म्हणजे तिथेही माझाच गलथानपणा."

"अहो, मिशीवाल्याला विचारा!"

"कुठे असतो तो?"

कुठे असतो? त्याचं दुकान मोडून तिथे गाड्या धुवायचं केंद्र झालं होतं. सुतार वारला होता.

"ते खरं बोलताहेत," लेक म्हणाली.

जावईबापूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोघांनी मिळून ठरवलंत ना? बाबा, जावयाची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा सासरा मी पाहिला नाही. पण मला लहान मूल समजू नका. चुकलो तर चुकलो." त्यांनी माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. मला गोटाही मिळाला नाही.

सोमवारी ते शीतगृहात गेले. त्यांच्या जागेवर त्यांनीच शिकवलेला माणूस बसला होता, म्हणून त्यांना माल चढवायच्या फलाटावर घेतलं. गाडी माझ्या शेडमध्ये तशीच स्टँडवर राहिली.

रविवारी ते दोघं जेवायला येतात. लेक येते, ताटं वाढते, मला मीठ हवं का विचारते. त्यापलीकडे आमच्यात फार बोलणं उरलेलं नाही. परवा शेजारीपाजारी बसले होते, चहा झाला आणि जावईबापूंनी गोष्ट सुरू केली. आपण तेल बदलून गाडी कशी मारली आणि हा म्हातारा कसा भुशाची थाप मारून ते स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाला. छान सांगतात. थाळी सांगतात, ठिपके सांगतात, माझा आवाजही काढतात. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एकाने माझी पाठ थोपटली.

लेक उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. भांडी तर मघाशीच घासून झाली होती.